वास येतो, पण कोणाला?

गॅसगळती टिपणारा, इंटरनेटला जोडलेला सेन्सर स्वयंपाकघरात बसवावा म्हटले की तीन आक्षेप हमखास पुढे येतात. त्यांत तथ्यांश आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप : एलपीजीला मुळात वास नसतो; गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. मग यंत्र हवे कशाला? हा युक्तिवाद जागे आणि निरोगी नाक घरात हजर आहे असे धरून चालतो. गाढ झोपेतला माणूस वासाने उठेलच असे नाही. उतारवयात घ्राणशक्ती मंदावते. तोच वास येत राहिला की नाक त्याला सरावते. आणि दिवसभर कुलूप असलेल्या घरात वास घेणार कोण? हवेतले एलपीजीचे प्रमाण साधारण 2 टक्क्यांवर गेले की भडक्याला एक ठिणगी पुरते. संध्याकाळी परतलेला माणूस सवयीने दिव्याचे बटण दाबतो, तेव्हा नेमकी तीच पडते.

दुसरा आक्षेप : भोंगा पुरेसा आहे, इंटरनेट ही चैन आहे. पण भोंगा जवळच्यालाच ऐकू येतो, आणि तो हाताने वाजवायचा असेल तर त्या हातावर सारे अवलंबून राहते. 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणममध्ये कारखान्यातून स्टायरीनची वाफ वस्तीत पसरली. सायरनची व्यवस्था असूनही तो वाजवला गेला नव्हता. धोक्याची सूचना आपोआप निघाली पाहिजे आणि काही करू शकेल अशा माणसापर्यंत पोहोचली पाहिजे, मग तो शेजारी असो, वॉचमन असो की परगावचा मुलगा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : वीज गेली, वायफाय बंद पडले, तर? शिवाय स्वस्त सेन्सर अल्कोहोलच्या वाफेनेही ओरडतात. हे खरे आहे. म्हणूनच जीव वाचवण्याचे काम इंटरनेटवर सोपवू नये. गळती कळताच व्हॉल्व्ह बंद करणे आणि भोंगा वाजवणे ही कामे यंत्राने जागच्या जागी, बॅटरीवर करावीत. संदेश त्यानंतर जावा. मात्र एक गोष्ट जोडलेले यंत्रच करू शकते. साधा भोंगा बिघडला तरी भिंतीवर तसाच दिसतो. जोडलेला सेन्सर ठरावीक वेळाने आपली खुशाली कळवतो. ती आली नाही की ‘संपर्क तुटला’ असा इशारा मोबाइलवर येतो. आपले मौन जाहीर करणारा पहारेकरी केव्हाही भरवशाचा.

बसवतानाही डोळसपणा हवा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सेन्सर जमिनीलगत. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून छताजवळ. गळती होताच साधा एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू करण्याची ‘सोय’ नकोच. ठिणगी तिथूनही पडते. संदेशात नुसते ‘धोका’ नको. बटणांना हात लावू नका, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा, एलपीजी असेल तर 1906 वर फोन करा, असे स्पष्ट लिहिलेले असावे.

खर्चाचा प्रश्न उरतो. सुरुवात वसतिगृहे, खानावळी, वृद्धाश्रम आणि पाइप गॅसच्या नव्या इमारतींपासून करावी. जोडणी देतानाच सेन्सर द्यावा आणि दरवर्षी त्याची चाचणी बंधनकारक करावी. लिफ्टच्या देखभालीसाठी सोसायट्या वर्गणी काढतातच; या देखभालीलाही त्याच हिशेबात जागा मिळाली पाहिजे.