जुन्या तेलक्षेत्रातला वाटा

ऑक्टोबर १९३० मध्ये टेक्सासच्या रस्क काउंटीत कोलंबस जॉइनर यांच्या ‘डेझी ब्रॅडफर्ड क्रमांक ३’ या विहिरीला तेल लागले आणि ‘ईस्ट टेक्सास’ हे महाकाय तेलक्षेत्र उजेडात आले. सुमारे सत्तर किलोमीटर लांबीच्या या क्षेत्राने आजवर पाच अब्जांहून अधिक बॅरल तेल दिले. त्याच्या वूडबाइन वालुकाश्मावर भरपूर लिहिले गेले. त्या तेलातल्या वाट्यांच्या कागदपत्रांकडे मात्र या व्यवसायाने तेवढ्या आस्थेने पाहिलेले नाही.

कागदांचा गोंधळ पहिल्या विहिरीपासूनचाच. जॉइनर यांनी हिस्से शंभर टक्क्यांहून जास्त विकून ठेवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एच. एल. हंट यांनी जॉइनर यांचे भाडेपट्टे घेतले आणि हंट यांच्यामागे अनेक वर्षे दावे लागले.

अमेरिकेत जमिनीखालचे खनिज खासगी मालकीचे असू शकते आणि ते जमिनीपासून वेगळे काढून विकताही येते. एखाद्या कुटुंबाने शेत कधीच विकलेले असते, पण खालच्या तेलाचा हक्क राखून ठेवलेला असतो. मग तो वारसांत वाटला जातो. जुन्या भाडेपट्ट्यांत रॉयल्टी बहुधा एक अष्टमांश असे. तीन पिढ्यांत प्रत्येकी चार वारस धरले, तर एकाच्या वाट्याला तिचा चौसष्टावा भाग, म्हणजे उत्पन्नाचा ०.००१९५३१३ इतका अंश येतो. रोज पाच बॅरल देणाऱ्या विहिरीवर, ७० डॉलर भावाने, महिन्याला साधारण साडेवीस डॉलर होतात. त्यातून राज्याचा ४.६ टक्के उत्पादन कर वजा होतो. सातबाऱ्यावर पणजोबांचेच नाव राहावे तशी इथेही वारसनोंद राहून जाते. मालक सापडला नाही, तर ठरावीक मुदतीनंतर त्याची रक्कम बेवारस म्हणून राज्याकडे जमा होते.

एवढ्याशा रकमेसाठी कागद कोण चाळणार, असे अनेकांना वाटते. पण खरा प्रश्न महिन्याच्या धनादेशापेक्षा मोठा आहे.

‘किफायतशीर उत्पादन चालू असेपर्यंत’ भाडेपट्टा जिवंत राहतो. किफायतशीर कशाला म्हणायचे, याची कसोटी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ‘क्लिफ्टन विरुद्ध कून्ट्झ’ खटल्यात घालून दिली: वाजवी काळात खर्च वजा जाता नफा उरतो का, आणि उरत नसेल, तर सट्ट्यासाठी नव्हे, नफ्याच्या अपेक्षेने एखाद्या समंजस चालकाने ती विहीर चालू ठेवली असती का? जुन्या क्षेत्रात तेलापेक्षा खारे पाणीच जास्त वर येते. ते पुन्हा जमिनीत सोडण्यासाठी ईस्ट टेक्सासमध्ये १९४२ मध्ये स्वतंत्र कंपनी काढावी लागली. अशा विहिरीच्या खर्चाची वही बारकाईने वाचल्याशिवाय भाडेपट्टा जिवंत आहे की संपला, हे सांगता येत नाही.

खोलीचा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा. वूडबाइन सुमारे ३,६०० फुटांवर आहे. रस्क काउंटीच्या काही भागांत त्याच्या कितीतरी खाली हेन्सव्हिल शेलचा वायू आहे. करारात खोलीची मर्यादा नसेल, तर वरच्या थरातली रडतखडत चालणारी विहीर खालचे सगळे थर त्याच भाडेपट्ट्यात अडकवून ठेवते. नव्या करारातून मिळू शकणारी वाढीव रॉयल्टी मालकाच्या हातून जाते, आणि पुष्कळदा त्याला ते कळतही नाही.

भारतात मात्र मुंबई हायसारख्या समुद्रातल्या क्षेत्रात तेल राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार केंद्राचे असते. तिथे तयार झालेल्या मराठी अभियंत्याला मालक म्हणजे सरकार, एवढेच ठाऊक असते. तोच ह्यूस्टनला गेला की त्याच्या उत्पादन-अंदाजावर शेकडो घरांचे हक्क टिकतात किंवा संपतात. म्हणून जुन्या क्षेत्राच्या प्रत्येक अहवालात तीन गोष्टी साध्या भाषेत याव्यात: विहिरीचा वर्षाचा जमाखर्च, भाडेपट्ट्याने धरून ठेवलेली खोली आणि वारसनोंदीतले दुवे कुठे तुटले आहेत ते. हे काम भूवैज्ञानिक, लेखापाल आणि लँडमन (मालकीहक्क व भाडेपट्ट्यांची कागदपत्रे तपासणारा) यांनी एकत्र बसून केले पाहिजे. विहीर बुजवायचा अर्ज जाण्याच्या कितीतरी आधी.