मे महिन्यात पाणी कोण घालणार?

मा. कुलपती महोदय,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे



पावसाळा लागला की आपल्या विद्यापीठांत वृक्षारोपण होतं. खड्डे आधीच खणलेले असतात, पाहुणे झारीने पाणी घालतात, राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं मागे फलक धरून उभी राहतात. फोटो नॅक मूल्यांकनाच्या फाइलीत जातो. रोपाचं पुढे काय झालं, ते फाइलीत नसतं.

मी विद्यार्थ्यांबरोबर विद्यापीठात भाजीची बाग चालवते. त्यामुळे माझी मागणी झाडांची नाही, वाफ्यांची आहे. झाड लावून विसरता येतं. मेथी विसरता येत नाही. महिन्याभरात ती उपटावी लागते, निवडावी लागते आणि कुणीतरी खावी लागते.

बागेला लागणारं बरंचसं आवारातच पडलेलं असतं: मेसमधली भाजीची देठं-सालं आणि पाचोळा, जो अजूनही कुठे कुठे पहाटे गुपचूप पेटवला जातो. फाटकाबाहेरच्या रसवंतीवर चिपाडं मिळतात. अशाच मालावर, अगदी थोड्या मातीत भाजी कशी पिकवायची हे श्री. अ. दाभोलकरांनी दाखवून दिलं. ते गणिताचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतला शेतकरी हा शिष्य नव्हता, स्वतः प्रयोग करणारा होता. शिवाय 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना, विद्यापीठांसकट, ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. तेव्हा विद्यार्थ्यांच्या खतखड्ड्याला परवानगी देणं हा काही उपकार नव्हे. (तेलकट खरकटं मात्र त्यात नको. आधी उंदीर येतात, मग रेक्टर येतात.)

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. पावसाळ्यात नवी मुलं येतात, भेंडी-गवार जोरात असते. दिवाळीनंतर पालेभाज्या. मार्चपासून परीक्षा, मग वसतिगृह रिकामं, आणि पाण्याची गरज सर्वांत जास्त नेमकी मे महिन्यात. त्यातच जिने बाग उभी केली ती मुलगी एमए होऊन निघून जाते. बियाणं कोणत्या डब्यात आहे हे सांगायलाही कुणी उरत नाही. नुसत्या हौसेवर चालणारी बाग इथेच मरते.

यावर औषध आपल्या घरातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या वसतिगृहात मुलं शेतात राबून शिकली. 1947 मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना रुजली. आज त्याच योजनेतली कितीतरी मुलं कार्यालयात फाइली लावतात. बागेचं उदाहरण बाहेरही आहे: कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात (आपल्या पश्चिम रेल्वेवरचं सांताक्रूझ नव्हे) अ‍ॅलन चॅडविक यांनी 1967 मध्ये विद्यार्थ्यांबरोबर सुरू केलेली बाग आजही आहे. तिथे पुढे शेतीचं रीतसर प्रशिक्षण उभं राहिलं. साताऱ्याचा वारसा असलेल्या राज्याला हे अवघड जाऊ नये.

बाग सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याचं काम ‘कमवा आणि शिका’मध्ये मानधनाचं धरा, उन्हाळी सुट्टीसकट. पुढचा प्रमुख जानेवारीतच नेमा, म्हणजे जुन्याबरोबर त्याला काही महिने मिळतील. काही वाफे माळी, शिपाई आणि सफाई कामगारांच्या कुटुंबांना द्या. मे महिन्यात ती सगळी एकदम गावी जात नाहीत, आणि कारल्याचा वेल मांडवावर कधी चढवायचा हे आम्हा प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त कळतं. काय पेरायचं ते मात्र बागेत राबणाऱ्यांनी ठरवावं, समितीने नव्हे. आणि जागा किमान पाच वर्षांसाठी लेखी द्या. लॉनच्या कंत्राटदाराने वाफे सपाट केले की दाद मागायला हातात कागद लागतो.

कुलगुरूंच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. त्या बैठकीला बागेत काम करणारे दोन-तीन विद्यार्थी आणि एखादा माळीही बोलवा. मे महिन्याचा हिशोब ते आमच्यापेक्षा नेमका मांडतील.

आपली,
एक प्राध्यापिका