नदीची पातळी मोबाईलवर कळते, पण आधी कोणाला हलवायचं?

पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट झालं?" 40 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 45 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जुलै 2021 मध्ये ते पुन्हा शहरात शिरलं.

आता हा आकडा बघायला पुलावर जावं लागत नाही. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात आहे. तिथून सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग सांगलीकडे येतं. किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हे प्रशासन जाहीर करतं (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी). केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' हे ॲप 2023 मध्ये आलं. 'सचेत' ॲपवर धोक्याच्या सूचना मिळतात. सरकारी कामात तंत्रज्ञानाचा असा उपयोग होतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण डॉक्टर म्हणून मला यात एक मोठी उणीव दिसते. ही ॲप्स पाणी कुठे पोचणार ते सांगतात. त्या पाण्यातून आधी कोणाला बाहेर काढायचं, ते सांगत नाहीत.

पाण्याआधी कोणाला हलवायला हवं?

• डायलिसिसचे पेशंट: आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस लागतं. एखादी पाळी चुकली तरी शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठतं. धाप लागते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.
• दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया: कळा सुरू झाल्यावर रस्ता शोधत बसायला वेळ नसतो. 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव भागात दरडी कोसळल्या. डोंगरातली वाट एका रात्रीत बंद होऊ शकते.
• इन्सुलिन घेणारे: टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन बंद पडलं, तर एक-दोन दिवसांत जीवावर बेतू शकतं.
• घरी ऑक्सिजन मशीनवर असलेले: वीज गेली की मशीन बंद.
• टीबीचे पेशंट आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध: टीबीच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नये. आणि झोपून असलेल्या माणसाला छातीभर पाण्यातून नेणं किती अवघड असतं, ते नेणाऱ्यांनाच विचारा.

8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ इथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. पाणी चढल्यानंतरची सुटका धडधाकट माणसासाठीही धोक्याची असते. आजारी माणसाला त्याआधीच, कोरड्या रस्त्यावरून हलवायला हवं.

माझं म्हणणं काय?

वर सांगितलेल्यांपैकी बऱ्याच लोकांची नोंद सरकारकडे आधीपासून आहे. गरोदर मातांची नोंद आरसीएच पोर्टलवर असते, टीबीची 'निक्षय'वर, रक्तदाब-मधुमेहाची एनसीडी पोर्टलवर. दुसरीकडे, किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी येतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड इथले लोक तर ते तोंडपाठ सांगतील. या दोन याद्या एकमेकींना जोडा, एवढीच माझी मागणी आहे. नवीन ॲप नको. पाणी इशारा पातळीकडे जाऊ लागलं की आशाताईच्या फोनवर तिच्या भागातल्या अशा पेशंटची नावं यावीत आणि रुग्णवाहिका आधी त्यांच्या दारात जावी.

"पण आजाराची माहिती गुप्त नको का?" असं तुम्ही विचाराल. हवीच. ही यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच येता कामा नये. ती आशा, परिचारिका आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यापुरतीच असावी, आणि पेशंटची संमती घेऊनच बनवावी. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी भोंगा आणि दारावरची थाप हवीच. बहुतेकदा सर्वात जास्त गरज त्यांनाच असते.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

1. निदान दोन आठवड्यांची औषधं, प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाकडे ठेवा.
2. वापरात असलेलं इन्सुलिन 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. वीज गेली म्हणून फेकून देऊ नका. ते थेट बर्फावर ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरू नये.
3. डायलिसिस असेल तर पुराचं पाणी न येणारं दुसरं केंद्र आत्ताच विचारून ठेवा.
4. हे नंबर लिहून भिंतीला लावा: रुग्णवाहिका 108, गरोदर मातांसाठी 102, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077.
5. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. अंगावर काढू नका. डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. मनाने गोळ्या घेऊ नका.

आणि एक काम मे महिन्यातच करा. ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या नगरसेवकाला स्पष्ट विचारा, "आमच्या भागातल्या पेशंटची यादी तयार आहे का? पाणी आलं तर त्यांना कोण नेणार, कुठे नेणार?" उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नदी पाण्याची सूचना देते. त्या सूचनेवर काय करायचं, ते आपण आणि प्रशासनाने मिळून पावसाआधीच ठरवायला हवं.