डिझेल सेडान घ्यायचीय? जुनी बीएस-४ की नवी बीएस-६. आधी तुमचा रस्ता बघा

ठाणे : शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या गावांत सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटली की नजर ठाण्याकडे जाते. घोडबंदर रोडच्या सोसायटीतली गाडी, एकाच मालकाची, मीटरवर जेमतेम चाळीस हजार किलोमीटर, असं एजंट सांगतो आणि आपण भुलतो. पण दुधाचे, भाताचे किंवा कर्जाचे चार-पाच लाख घालण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. डिझेल गाडीत मीटरपेक्षा ती कुठल्या रस्त्यावर चालली आणि तुम्ही ती कुठल्या रस्त्यावर चालवणार, हे जास्त महत्त्वाचं आहे.

नवी म्हणजे तरी किती नवी?

सर्वसामान्यांच्या बजेटमधली कोरी डिझेल सेडान आता शोरूममध्ये मिळतच नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हाच मारुतीने डिझेल बंद केलं आणि डिझेल डिझायर थांबली. टोयोटाची इटिऑसही त्याच वर्षी गेली. होंडा अमेझ, होंडा सिटी, ह्युंदाई ऑरा, व्हर्ना या बीएस-६ डिझेलमध्ये आल्या, पण २०२३ पर्यंत त्यांचंही डिझेल बंद झालं. म्हणजे आज निवड दोनच प्रकारांत उरते: २०२० च्या आधीची बीएस-४, नाहीतर २०२० ते २०२३ मधली बीएस-६. दोन्ही वापरलेल्याच.

घोडबंदर रोडचा हिशेब वेगळा

माजिवडा-कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, गायमुख करत हा रस्ता पुढे अहमदाबाद महामार्गाला मिळतो. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्यावर. त्यात मेट्रोचं काम, गायमुख घाटाची दुरुस्ती. पंधरा-वीस किलोमीटरला कधी दीड-दोन तास जातात, हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

अशा कोंडीत गाडी उभी असते, पण इंजिन चालूच असतं. मीटर किलोमीटर मोजतो, इंजिनाचे तास मोजत नाही. त्यामुळे इथली चाळीस हजारांची गाडी आणि नाशिक महामार्गावरची चाळीस हजारांची गाडी सारखी नसते. क्लच, ब्रेक, एसी यांची झीज कोंडीत कितीतरी जास्त होते.

बीएस-६ ची खरी मेख : डीपीएफ

बीएस-६ डिझेल गाडीत धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. चुलीच्या धुराड्यात काजळी साचते तशी ती इथे साचते आणि मग गाडी स्वतःच ती जाळून टाकते. पण त्यासाठी गाडीला मोकळा रस्ता लागतो. साधारण ६० च्या वर एकसारखा वेग, पंधरा-वीस मिनिटं. रोज कोंडीतच रांगणाऱ्या गाडीला ही संधी मिळत नाही. जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप कमी होतो. दुर्लक्ष केलं तर जाळी बदलावी लागते, आणि तो खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. काही जण ही जाळी कापून टाकतात. ते बेकायदा आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

बहुतेक बीएस-४ छोट्या सेडानमध्ये ही जाळी नव्हती. दुरुस्ती सोपी, गावच्या मेकॅनिकच्याही हातातली. पण तिचं वय झालेलं असतं. इंजेक्टर, टर्बो, सस्पेन्शन यातलं एखादं काम निघालं तरी हजारोंचा चुराडा.

'दहा वर्षांनी डिझेल बंद' खरं का?

व्हॉट्सॲपवर फिरतो तो नियम दिल्ली आणि आसपासचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम केला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांवरची कारवाई थांबवली, पण डिसेंबर २०२५ मध्ये ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली.

आपल्याकडे दहा वर्षांची अट नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस तपासणी, नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षं वाढवता येते. म्हणजे २०१४ ची गाडी २०२९ ला आरटीओच्या दारात उभी राहणार, २०२१ ची २०३६ ला.

पण निर्धास्तही राहू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या मुद्द्यावर आदेश दिला. महामुंबईत पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने समिती नेमली. ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी या क्षेत्रात येतात. कधीतरी निर्बंध आलेच तर पहिला फटका जुन्या डिझेलला आणि तिच्या विक्रीच्या किमतीला बसणार.

मग घ्यायची कुठली?

साधा हिशेब करू. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज २० धरलं तर किलोमीटरला साडेचार रुपये. पेट्रोल १०४ आणि ॲव्हरेज १६ धरलं तर साडेसहा. फरक दोन रुपयांचा. वर्षाला १५ हजार किलोमीटर चालवलं तर ३० हजार वाचतात. सहा हजारच चालवलं तर फक्त १२ हजार. एका मोठ्या दुरुस्तीत ते संपतात.

- रोज लांबचा, मोकळा रस्ता असेल, म्हणजे शहापूर-नाशिक किंवा मुरबाड-माळशेज, तर बीएस-६ घ्या. जाळी साफ राहील, वर्षंही जास्त मिळतील.
- रोज ठाण्याच्या कोंडीत जायचं असेल तर बीएस-६ डिझेलच्या नादी लागू नका. पेट्रोल-सीएनजी बघा. सुस्थितीतली बीएस-४ चार-पाच वर्षांपुरती, कमी पैशात आणि रोख मिळत असेल तरच. तिच्यासाठी मोठं कर्ज काढू नका.
- बाजार, दवाखाना, लग्नकार्य एवढाच वापर असेल तर डिझेलची गरजच नाही.

टोकन देण्याआधी

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि बँकेचा बोजा बघा. थकलेली ई-चलनंही तपासा. आरसीवर बीएस-३ असेल तर सोडून द्या. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी बसवली आहे का, ते बघा. गाडी थंड असताना सुरू करा. चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद केला आहे. बीएस-६ असेल तर स्कॅनर लावून जाळीत किती काजळी आहे ते बघा. हजार-दोन हजार जातील, पण लाख वाचतील. मग अर्धा तास महामार्गावर पळवा.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव चढेपर्यंत गाडी कागदावर दुसऱ्याचीच असते.