डाग आधी ओळखावा, मग धुवावा

कराटे, ज्युदो आणि तायक्वांदो यांचे वर्ग आता तालुक्याच्या गावांतही भरतात आणि अनेक घरांच्या दोरीवर शाळेच्या गणवेशाशेजारी जाड पांढऱ्या कापडाचा आणखी एक गणवेश वाळताना दिसतो. पट्ट्याची परीक्षा जवळ आली की त्यावरचे डाग घरातील सर्वांना एकदम दिसू लागतात. मग धावपळ सुरू होते. कढत पाणी, ब्लीच, ब्रशचे घासणे आणि शेवटी भरपूर नीळ. एवढे करूनही गणवेश क्वचितच उजळतो. बहुधा डाग अधिक पक्का होतो आणि कापड मात्र झिजते. पुष्कळदा डाग मुळात हट्टी नसतो, चुकीच्या उपायाने तो हट्टी होतो.

या गणवेशाचा पांढरेपणा केवळ शोभेसाठी नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची संस्था स्थापन केली. पकड आणि ओढाताण सहन करील असा जाड सुती अंगरखा तेथेच घडत गेला. पुढे ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये टोकियोत कराटेची प्रात्यक्षिके केली. त्यानंतर कराटेनेही त्याच धर्तीचा, पण हलका पोशाख स्वीकारला. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत गणवेश स्वच्छ, कोरडा आणि दुर्गंधीरहित असावा अशी स्पष्ट अट आहे. त्यामागे शिस्त आहे, तसेच आरोग्यही आहे. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात नायट्यासारखे त्वचारोग संपर्काने पसरतात आणि घामट, दमट कपडा त्यांना पोषक ठरतो. म्हणून गणवेश आठवड्यातून एकदा नव्हे, तर प्रत्येक वर्गानंतर धुणे इष्ट.

कापडाच्या व्यवहारातील मंडळींना सुताचा स्वभाव सांगायला नको. सूत पाणी शोषते तसाच रंग, तेल आणि घामही शोषते. कढत पाण्यात ते आटते आणि वारंवार तीव्र रसायन लागले की विरते. बाजारात सूत-पॉलिस्टर मिश्रणाचे गणवेशही मिळतात. ते लवकर वाळतात, पण त्यांत तेलकट डाग आणि घामाचा वास अधिक चिवटपणे राहतो. तेव्हा आतील पट्टी वाचून कापड कोणते हे पाहावे आणि कोणताही नवा उपाय आधी आतल्या शिवणीवर करून बघावा.

रक्ताचा डाग

नाकाला किंवा ओठाला लागले की गणवेशावर रक्त सांडते. येथे एकच नियम महत्त्वाचा आहे : गरम पाणी लावू नये. रक्तात प्रथिने असतात आणि उष्णतेने ती गोठून धाग्याला धरून बसतात. पातेल्याच्या तळाला लागलेले दूध जसे सहजी खरवडले जात नाही, तसेच हे. ताजा डाग कापडाच्या उलट्या बाजूने नळाच्या थंड पाण्याच्या धारेखाली धरावा, म्हणजे रक्त आले त्याच वाटेने बाहेर पडते. वाळलेला डाग थंड पाण्यात भिजवून ठेवावा आणि मधूनमधून पाणी बदलावे. तरीही खूण राहिली तर पांढऱ्या सुतावर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड थेंबथेंब सोडावे. औषधाच्या दुकानात 6 टक्क्यांची बाटली मिळाली तर त्यात तेवढेच पाणी मिसळावे. डागावर फेस येतो. तो ओसरल्यावर कापड स्वच्छ खळबळावे. रंगीत बिल्ल्यावर किंवा भरतकामावर हे द्रव जाऊ देऊ नये. रक्त दुसऱ्या खेळाडूचे असेल तर हातमोजे घालूनच कपडा हाताळावा.

घामाचा पिवळेपणा

गळपट्टी आणि काखेतील पिवळेपणा एका दिवसात येत नाही. घाम, त्वचेचे तेल आणि काखेत लावण्याच्या प्रसाधनांतील क्षार यांचे थर चढत जातात. क्लोरीनयुक्त ब्लीचने तो जाईल असा समज आहे, पण घामातील प्रथिनांशी क्लोरीनचा संयोग होऊन पिवळेपणा अनेकदा वाढतो. येथे ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट उपयोगी पडते. पाण्यात विरघळल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साईड आणि धुण्याचा सोडा सुटतो. पाकिटावरील प्रमाणात ते कोमट, साधारण 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळावे, गणवेश काही तास भिजवावा आणि मग नेहमीप्रमाणे धुवावा. उरलेले द्रावण बंद बाटलीत भरून ठेवू नये. त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

नीळ हा पिवळेपणावरचा उपाय नव्हे. निळसर छटेमुळे पिवळा रंग डोळ्यांना जाणवत नाही, एवढेच. तुटीचे खाते तसेच ठेवून ताळेबंद सजवावा, तसा हा प्रकार आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा उपायही पुष्कळ सांगितला जातो. त्याचा फेस पाहून समाधान वाटते, परंतु दोन्ही पदार्थ एकमेकांचा गुण मारतात.

हळद, तेल, माती आणि गंज

वर्गानंतर डबा उघडला की गणवेशावर भाजीचा थेंब पडतोच. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लालभडक होतो आणि पाहणारा घाबरतो. हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या संपर्कात लाल होते, एवढाच त्याचा अर्थ. डागात तेल असेल तर आधी भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने ते काढावे आणि नंतर कपडा धुऊन ओला असतानाच कडक उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. दोन-तीन दिवस हाच क्रम ठेवला की डाग फिका होत जातो.

मैदानातील चिखल ओला असताना चोळला तर तो धाग्यात आणखी खोल जातो. तो पूर्ण वाळू द्यावा, झटकावा, मऊ ब्रशने काढावा आणि मगच पाणी लावावे. लोखंडी खिळ्यावर किंवा तारेच्या हँगरवर ओला गणवेश टांगला तर गंजाचे तांबूस ठसे उमटतात. त्यांवर लिंबाचा रस आणि मीठ लावून कपडा थोडा वेळ उन्हात ठेवावा आणि भरपूर पाण्याने धुवावा. गंजावर क्लोरीनचे ब्लीच लावल्यास डाग अधिक पक्का होतो.

बुरशी आणि पट्टा

पावसाळ्यात ओला गणवेश पिशवीतच राहिला की काळे ठिपके पडतात. ही बुरशी आहे आणि सूत हेच तिचे खाद्य. ठिपके घराबाहेर झटकावेत, कपडा ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवावा आणि उन्हात पूर्ण वाळवावा. तरी जुने ठिपके अनेकदा जात नाहीत. येथे खरा उपाय एकच : घरी येताच पिशवी रिकामी करणे.

पट्टा धुतला तर मिळवलेले कौशल्य वाहून जाते, अशी एक समजूत आहे. वर्षानुवर्षांच्या मळाने पांढरा पट्टा काळा झाला, अशी दंतकथाही सांगतात. वस्तुतः काळ्या पट्ट्याची प्रथा कोदोकानात 1880 च्या दशकात, वरच्या श्रेणीचे विद्यार्थी ओळखता यावेत म्हणून हेतुपूर्वक सुरू झाली. मळाशी तिचा संबंध नाही. पट्टा अवश्य धुवावा, मात्र थंड पाण्यात, गणवेशापासून वेगळा, आणि सावलीत वाळवावा. रंगीत पट्ट्याचा रंग गणवेशाला लागलाच, तर कपडा वाळू न देता पुन्हा धुण्यास घ्यावा.

एक गंभीर सावधगिरी

एका उपायाने डाग गेला नाही की दुसरा द्रव त्यातच ओतण्याचा मोह होतो. हा मोह जिवावर बेतू शकतो. क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे आम्ल, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस मिसळला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया मिसळल्यास दुसरे घातक वायू निर्माण होतात. लहानशा बंद न्हाणीघरात त्यांनी श्वास कोंडतो. एका वेळी एकच पदार्थ वापरावा, दोन उपायांच्या मध्ये कपडा भरपूर पाण्याने धुवावा आणि खिडकी उघडी ठेवावी. कोंडल्यासारखे वाटलेच तर बादली तशीच सोडून आधी मोकळ्या हवेत यावे. चारचौघांत पांढराशुभ्र दिसणारा गणवेश घरातील कुणाच्या छातीपेक्षा मोलाचा नाही.

शेवटचा मुद्दा रसायनाचा नाही. सर्वांत अवघड डाग बहुधा तेच असतात, जे रागाच्या भीतीने मुलाने पिशवीच्या तळाशी दडवलेले असतात. चार दिवसांनी वास येतो, तेव्हा रक्त तपकिरी झालेले असते आणि बुरशीने मूळ धरलेले असते. त्या रक्तामागे एखादी न सांगितलेली दुखापत असू शकते. सरावात कुणी त्रास देत असेल, तर तेही तेथेच दडलेले असते. थकबाकी लवकर कळली तर वसुली सोपी जाते. डागाचेही तसेच आहे. म्हणून घरी आलेल्या मुलाला ‘पुन्हा मळवलास?’ असे विचारण्याआधी ‘कुठे लागले का?’ असे विचारले जावे. ज्या घरात मुले हे न घाबरता त्याच संध्याकाळी सांगतात, तेथे बहुतेक डागांना थंड पाण्याची एक बादली पुरते.