कानस, व्हर्निअर आणि ठेकेदाराचा फोन

आयटीआयविषयीची एक तक्रार पालकांपासून कारखानदारांपर्यंत सगळेच करतात. बाहेर सीएनसी आणि आत जुना लेथ. बऱ्याच ठिकाणी ती खरी आहे. पण तिच्यावरून मुलं जो हिशेब मांडतात, तो त्यांनाच महागात पडतो. इथे शिकण्यासारखं काही नाही, परीक्षेपुरतं यायचं आणि प्रमाणपत्र मिळालं की चाकण नाहीतर वाळूज गाठायचं, असा तो हिशेब. फिटर ट्रेडला सुरुवातीचा बराच काळ कानस चालवण्यात जातो आणि मुलं कंटाळतात ती तिथेच. माझ्या मते दोन वर्षांतलं सर्वांत टिकाऊ शिक्षण याच कंटाळवाण्या कामात आहे.

लोखंडाचा तुकडा घासून सपाट आणि काटकोनात आणायचा आणि मग मोजायचा. साध्या व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं, मायक्रोमीटरवर ०.०१. सीएनसीवर गेल्यावर उपयोगी पडते ती हीच नजर. शाफ्टचा व्यास ड्रॉइंगपेक्षा ०.०३ मिलिमीटर जास्त निघाला, तर टूल झिजलंय का हे तपासून तेवढा ऑफसेट देणारा तो सेटर. जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर. मंदी आली की आधी कुणाला घरी बसावं लागतं, हे कुठल्याही एमआयडीसीत विचारावं. एका कारखान्यात फानुकचा कंट्रोलर असेल, दुसऱ्यात सीमेन्सचा. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स मात्र दोन्हीकडे सारखाच वाचावा लागतो. म्हणून निदेशकांनी जॉब मोजण्याआधी मुलानं तो स्वतः मोजावा, आकडा वहीत लिहावा आणि त्यांचा आकडा शेजारी मांडावा. फरक पडला तर का पडला, हे विचारावं. जबड्यात कचरा होता, दाब जास्त पडला की उपकरणातच शून्याची चूक होती? हे विचारायला नवी यंत्रं लागत नाहीत. वेळही कमी आहे. २०२२च्या अभ्यासक्रमात वर्षाचे तास १६००वरून १२०० झाले आणि फिटरच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाला त्यातले ८४० उरले. एका तुकडीत २० मुलं असताना बुडालेला दिवस भरून निघत नाही.

यापुढचा टप्पा शिकाऊ उमेदवारीचा, आणि खरा आक्षेप इथे येतो. घरी पैशांची गरज असते. ठेकेदार फोन करून विद्यावेतनापेक्षा जास्त रक्कम देऊ करतो. मग आणखी एक वर्ष शिकाऊ म्हणून का काढायचं? ही ओढाताण मी हलकी मानत नाही. शिवाय काही कंपन्या शिकाऊ मुलांना स्वस्त मजूर म्हणून राबवतात आणि १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा त्यांना कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानतो, त्यामुळे त्यांचं संरक्षणही तोकडं राहतं. ही त्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हायलाच हवी. पण ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून गेलेल्या मुलाला शिकवण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. शिकाऊ उमेदवारीत ती कागदावर तरी कंपनीची असते आणि शेवटी परीक्षा देऊन देशभर चालणारं प्रमाणपत्र हाती येतं. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. म्हणजे जागा मागणं ही याचना नाही.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी मुलांनी आणि पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : वर्षभरात कोणकोणत्या विभागांत काम मिळेल, शिकवणार कोण आणि तपासणी विभागात किती दिवस ठेवणार. उत्तर मिळालं नाही तर दुसरी कंपनी पाहावी. वर्षभर फक्त पॅकिंगला बसवलं, तर गप्प न राहता शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.