आमंत्रण राहून गेले

आश्विन शुद्ध पंचमीला आमच्या कोल्हापुरात शाळा भरते, पण वर्ग भरत नाही. निम्मी मुले टेंबलाईच्या टेकडीकडे अंबाबाईची पालखी पाहायला गेलेली असतात. उरलेल्यांना भूगोल शिकवावा हा मला त्यांच्यावर अन्याय वाटतो. म्हणून त्या दिवशी मी पुस्तक मिटते आणि कोल्हासुराची गोष्ट सांगते.

एका नवरात्रात ही गोष्ट संपली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, एवढी मोठी देवी, आन् आमंत्रण द्यायचं तिच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई व्हय?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. त्या प्रश्नाने मला घरापर्यंत सोडले नाही, आणि आज हा लेख लिहायला बसवले तेही त्यानेच.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. कोल्हासुराने या क्षेत्रात उच्छाद मांडला, तेव्हा देवीने त्याचा वध केला. मरता मरता त्याने वर मागितला की या क्षेत्राला माझे नाव राहावे. देवीने तो दिला, आणि करवीराचे कोल्हापूर झाले. पुढे त्याचा पुत्र कामाक्ष सूड घ्यायला आला. कपिल मुनींचा योगदंड त्याने मिळवला होता. त्याच्या बळावर त्याने सगळ्या देवांची, खुद्द महालक्ष्मीची सुद्धा, शेळ्यामेंढ्या करून टाकली. त्या वेळी धावून आली ती त्र्यंबोली. तिने योगदंड हस्तगत केला, कामाक्षाला मारले आणि देवांना पुन्हा देवपण दिले. मग विजयाचा उत्सव झाला. सगळ्यांना बोलावणी गेली. राहिली ती एकट्या त्र्यंबोलीची! ती रुसली, आणि शहराच्या पूर्वेला टेकडीवर पाठ फिरवून बसली.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंबाबाईने निरोप्या धाडला नाही, की "रुसली तर रुसू दे" असेही म्हटले नाही. ती स्वतः टेकडीवर गेली. म्हणून आजही ललिता पंचमीला तिची पालखी लवाजम्यासह टेंबलाईला जाते, दोघी बहिणींची भेट होते, कुमारिकेच्या हस्ते कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडीसाठी माणसे एकमेकांच्या अंगावर पडतात. कोहळा सर्वांना हवा असतो. पालखी टेकडी का चढली, हे मात्र घरी जाताना कुणाच्या बरोबर जात नाही.

आमचा सगळा जोर दुसऱ्याच वादावर खर्च होतो. देवी महालक्ष्मी की अंबाबाई? विष्णूची पत्नी की आदिशक्ती? या वादावर गावात सभा झाल्या आहेत, मोर्चे निघाले आहेत. 2017 साली देवीला घागरा-चोली नेसवली म्हणून केवढे रण माजले! 2018 साली विधिमंडळाने या मंदिरासाठी स्वतंत्र कायदा केला. मी पंडित नव्हे, पण डोळे उघडे ठेवून दर्शन घेतलेली बाई आहे. मूर्तीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. मस्तकी नाग आणि लिंग आहे, मागे सिंह आहे. देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात जी सर्वांची आद्य महालक्ष्मी सांगितली आहे, तिची लक्षणे जवळजवळ हीच आहेत. शिलाहार राजे आपल्या बिरुदात महालक्ष्मीचा वरप्रसाद मिरवीत. आणि अंबाबाई हे नाव आयाबायांनी दिले आहे. पोथीने एक नाव दिले, ओव्यांनी दुसरे दिले. आईला घरात आई म्हणतात आणि रेशनकार्डावर तिचे नाव वेगळे असते, म्हणून काही भावंडे कोर्टात जात नाहीत.

नावासाठी भांडणाऱ्यांना मी विचारते, तुमच्या गल्लीतल्या टेंबलाईचे काय?

टेंबलाई प्रत्येक गल्लीत आहे. नवरात्रात घरोघर ओटी भरतात, हळदीकुंकू होते. कुमारिकेला पाटावर बसवतात, सवाष्णीच्या पाया पडतात. आणि नवरा वारलेली बाई आत पुरणपोळ्या लाटत असते. देवीच्या राज्यात तिला चुलीपाशी जागा आहे, पाटावर नाही. माझ्या आजीने विधवापणी चाळीस नवरात्रे पाहिली. घटाची माती तिने चाळली, रोज फुलांची माळ तिने गुंफली. पण ओटी भरायची वेळ आली की ती आपणहून मागल्या दारी जाऊन बसे. तिला कुणी "जा" म्हटले नाही. "ये" म्हणायचे मात्र आम्हां सर्वांकडूनच राहून गेले.

दुसऱ्याला बोल लावण्याआधी स्वतःचे सांगते. काही वर्षांपूर्वी माझी दोन्ही मुले एकदम तापाने फणफणली होती. शेजारच्या काकूंनी आठ रात्री माझ्याबरोबर जागून काढल्या. त्याच वर्षी संक्रांतीला मी हळदीकुंकू केले, आमंत्रणाची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. यादीत त्यांचे नाव नव्हते! मी ते खोडले नव्हते. ते मला सुचलेच नव्हते. संकटात धावून आलेली बाई उत्सवात आठवू नये, हेच तर त्या गोष्टीत आहे. वर्गातल्या मुलीचा प्रश्न मला बोचला तो म्हणूनच.

यावर ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले असे की, बाई, पुराणातली वांगी पुराणात; त्यातून आजचे नियम काढू नका. मग सवाष्णीचा मान तुम्ही कुठून काढला? पुराण सोयीचे असले तर शास्त्र, आणि गैरसोयीचे झाले की गोष्ट, हा न्याय मला मान्य नाही. दुसरे उत्तर असे की त्यांनाच यायला आवडत नाही, त्याच नको म्हणतात. त्र्यंबोलीलाही टेकडीवरून उतरायला आवडले नव्हते. पाठ फिरवून बसलेल्या माणसाला "तुलाच नको आहे" म्हणणे सोपे असते. देवीने तसे म्हटले नाही, ती चालत गेली.

आणि हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. एक खेडे जे करू शकले, ते दक्षिण काशी म्हणवणाऱ्या शहराला जमू नये? पण ठरावाने बांगड्या वाचतील. हळदीकुंकवाचे बोलावणे ग्रामपंचायत पाठवू शकत नाही. ते आपल्यालाच, आपल्या पायांनी जाऊन, करावे लागेल.

ज्या देवीने शत्रूचे नाव गावाला दिले आणि विसरलेल्या बहिणीच्या दारी जी स्वतः गेली, तिच्या भक्तांनी घरातल्या बाईला मागल्या दारी बसवावे, याला मी भक्ती म्हणणार नाही.

मी पुढल्या संक्रांतीला काकूंच्या घरी गेले. निरोप पाठवला नाही, स्वतः गेले. त्या "मी कशाला?" म्हणाल्या. मी पाटावर बसून राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी लुगडे बदलले.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरात फराळाची ताटे भरली जात असतील. भाऊबीज जवळ आली असेल, पाहुण्यांची यादी झाली असेल. ती यादी एकदा पुन्हा वाचा. तिच्यात कुणाचे नाव लिहायचे सुचलेच नाही, ते पाहा, आणि मुलाच्या हाती ताट न धाडता स्वतः उठून जा.